पुळणीवरचं डांबर आणि 'तेल खाणाऱ्या जिवाणूं'ची पावडर: कोणाला अनुभव आहे का?

नारळीपोफळी | ४ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमचं घरगुती निवासाचं काम आहे. गावातली काही जणं मिळून आम्ही किनारा साफ ठेवतो. प्लॅस्टिकचं जमतं, पण डांबराच्या गोळ्यांपुढे हात टेकलेत. एरवी पाऊस तोंडावर आला की येतात, यंदा एप्रिल संपायच्या आधीच सुरुवात झाली. वाटाण्याएवढ्यापासून तळहाताएवढ्या चपट्या वड्यांपर्यंत. पाहुण्यांच्या चपला, मुलांचे पाय, आमच्या चादरी, सगळीकडे डाग. त्यात कासवांची शेवटची काही घरटी अजून कुंपणात आहेत, पिल्लं निघायची आहेत.

आता खरा मुद्दा. एक गृहस्थ ग्रामपंचायतीत आले होते, जैविक पावडर विकतात. बरणीत समुद्राचं पाणी घेतलं, त्यावर जळकं ऑइल ओतलं, चमचाभर तपकिरी पावडर टाकून ढवळलं. पाच मिनिटांत पाणी साफ! "जिवाणूंनी तेल खाल्लं, आता फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरलाय," असं म्हणाले. सरपंच खूश. पूर्ण पुळणीवर टाकायचा जो खर्च सांगितलाय, त्यात गावातले रस्त्यावरचे दिवे होऊन जातील. ग्रामसभेत ठराव यायचाय. तिथे उभं राहून काय विचारू, हे इथल्या जाणकारांनी सांगावं.

खडूस काका | ४ मे, रात्री १०:०५

पाच मिनिटांत तेल फस्त करणारे जिवाणू असते तर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाळले असते. एकेकाच्या गाडीखाली तळं असतं.

सूक्ष्मदर्शी | ४ मे, रात्री ११:३०

काकांनी थट्टेत म्हटलंय, पण मुद्दा तोच आहे. मी समुद्री सूक्ष्मजीवांवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो बरणीतला प्रयोग. तपकिरी पावडर म्हणजे बहुतेक दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाची भुकटी किंवा तसलंच काही. जिवाणू अशा वाहकावर बसवून विकायची पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही. पण ही भुकटी तेल शोषते. पाणी साफ दिसलं ते तेल भुकटीत गेलं म्हणून. जिवाणू नसलेली नुसती भुकटी किंवा सुताराकडचा भुसा टाकला असता तरी हेच दिसलं असतं. साठवणीतून काढलेल्या जिवाणूंना नव्या जागी रुळायलाच बराच वेळ लागतो. तेल पचवायचं काम आठवड्यांचं, महिन्यांचं.

दुसरं, तेल खाणारे जिवाणू तुमच्या पुळणीवर आधीपासूनच आहेत. समुद्राच्या तळातून तेल लाखो वर्षं झिरपत आलंय आणि त्यावर जगणारे जीवही तितकेच जुने. अल्कानिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस नावाचा एक जिवाणू आहे, उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटाच्या परिसरात सापडला, १९९८ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. स्वच्छ पाण्यात शोधूनही मोजकेच मिळतात. तेल सांडलं की बघता बघता तेच बहुसंख्य होतात. त्यांना साखर चालत नाही, तेलातले अल्केन, म्हणजे साखळीचे हायड्रोकार्बन, हेच त्यांचं मुख्य अन्न.

मग तेल आपोआप संपत का नाही? कारण तेलात कार्बन रग्गड असला तरी नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पेशी वाढवायची तर तिन्ही हवेत. चौथा प्राणवायू. वरच्या वाळूत तो मिळतो, हातभर खोल गेलं की कमी पडतो.

आणि तुमच्या गोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. कच्च्या तेलात ढोबळ चार गट असतात. साखळीचे हायड्रोकार्बन, वलयांचे हायड्रोकार्बन, आणि रेझिन व अस्फाल्टीन हे दोन जड, चिकट गट. पहिला गट जिवाणू आवडीने खातात, दुसरा सावकाश, शेवटच्या दोघांना फारसे शिवत नाहीत. डांबराचा गोळा म्हणजे ऊन, लाटा आणि जिवाणू यांनी समुद्रातच खाऊन टाकलेलं उष्टं. चांगलं चांगलं केव्हाच संपलंय, उरलाय तो मुख्यतः रेझिन आणि अस्फाल्टीनचा भाग. शिवाय जिवाणू काम करतात ते पृष्ठभागावरून. गोळा आतून मऊ, वरून कडक, त्यामुळे आत शिरकाव नाही. त्यावर पावडर भुरभुरून काय साधणार?

फोंडेकर | ५ मे, सकाळी ८:१५

गोव्यातून लिहितोय. कळंगुटपासून बेतालभाटीपर्यंत दर वर्षी मे ते सप्टेंबर हेच. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या गोळ्यांची रासायनिक ओळखपरेड केली आहे. तेलात होपेन नावाची संयुगं असतात, ती सहसा सडत नाहीत, आणि प्रत्येक तेलक्षेत्रात त्यांचं प्रमाण वेगळं. त्यावरून काही गोळे टँकर धुतलेल्या तेलाचे निघाले, तर काहींचा माग बॉम्बे हायच्या तेलापर्यंत गेला. आखातातून येणाऱ्या टँकरांचा रस्ता आपल्या समोरूनच जातो. किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या आत टँकरने मालाच्या टाक्यांचं तेलकट पाणी सोडायला आंतरराष्ट्रीय नियमानेच बंदी आहे. पण रात्री बघायला कोण जातो? नैऋत्य वारा सुरू झाला की सगळं आपल्या दारात.

म्हणून माझं म्हणणं असं की किनारा एकदा जिवाणूंनी चकाचक केला तरी पुढच्या भरतीला नवा माल हजर. पोफळीताई, ती पावडर दर भरतीनंतर टाकणार आहेत का, हे त्यांना जरूर विचारा.

रापणकार | ५ मे, सकाळी ९:४०

आमच्या मालवणात वारो फिरलो की डामर येताच. रापणीच्या जाळ्याक एकदा चिकाटलो की धुवन जायना, तितको तुकडो कापूनच टाकूचो लागता. माका एकच विचारूचा हा. ती पावडर तेल पिवन खाली बसतली, तर ती तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) पोटात जातली मां? आमी त्याच तिसऱ्यो खातंव.

सूक्ष्मदर्शी | ५ मे, दुपारी १:१०

रापणकार, नेमका प्रश्न. तिसऱ्या पाणी गाळून खातात, पाण्यातला बारीक कण त्यांच्यात जातोच. तेल शोषलेली भुकटी भरतीरेषेच्या खाली टाकली तर तेल डोळ्यांआड होतं आणि नेमकं तळाच्या जिवांच्या ताटात पडतं. डोळ्यांना दिसणारं तेल निदान फावड्याने उचलता तरी येतं. निव्वळ या कारणासाठी मी उघड्या ओल्या पुळणीवर शोषक पावडर टाकू देणार नाही.

जुगाडू शेतकरी | ५ मे, दुपारी २:००

मग सोपं आहे की. जीवामृत शिंपडा. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. नत्रही आलं, जिवाणूही आले, खर्च शून्य. नाहीतर भांडी घासायचं लिक्विड मारून पाईपने धुऊन काढा.

तात्या_निवृत्त | ५ मे, संध्याकाळी ६:२०

आयुष्य तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सांडपाणी विभागात गेलं, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली लिक्विडची. हा प्रयोग इंग्लंडने मोठ्या प्रमाणावर करून झालाय. १८ मार्च १९६७ रोजी टॉरी कॅनियन नावाचा टँकर कॉर्नवॉलजवळ खडकावर चढला, सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल होतं. तेल घालवायला त्यांनी दहा हजार टनांच्या आसपास डिटर्जंट फवारलं, बरंचसं थेट किनाऱ्यावरच्या खडकांवर. तेलाने जितकं मारलं नव्हतं तितकं त्या डिटर्जंटने मारलं. खडकांवरचे शंखवर्गीय जीव साफ झाले, मग त्यांना खायला कोणी नाही म्हणून शेवाळ बेसुमार वाढलं. जिथे फवारलं नाही तिथला किनारा दोन-तीन वर्षांत सावरला, जिथे सढळ हाताने फवारलं तिथे दहा वर्षांहून जास्त लागली. हल्लीची रसायनं तेव्हापेक्षा सौम्य आहेत, पण ती खोल समुद्रात, परवानगीने वापरायची. तुमच्या पुळणीवर नव्हे.

दुसरी पावडरची. सगळंच थोतांड म्हणून सोडू नका. टेरी या संस्थेने ऑइलझॅपर नावाचं मिश्रण तयार केलंय, पाच प्रकारचे जिवाणू मक्याच्या कणसाच्या भुकटीवर. आपल्याकडच्या कारखान्यांत टाक्यांच्या तळाचा तेलकट गाळ असतो, त्याचे डोंगर या पद्धतीने निकालात निघालेत. मी स्वतः तसलं काम जवळून पाहिलंय. पण ते कसं चालतं ते ऐका. गाळ एका जागी, खाली अस्तर घातलेल्या वाफ्यात पसरायचा. जिवाणू आणि खत मिसळायचं. ट्रॅक्टरने नांगरून उलथापालथ करायची, म्हणजे हवा खेळते. ओल राखायची. ठरावीक दिवसांनी नमुना काढून प्रयोगशाळेत तेलाचं प्रमाण मोजायचं. असे महिने जातात. सगळं आपल्या ताब्यात असतं म्हणून ते जमतं. समुद्रकिनारा कोणाच्या ताब्यात असतो? दिवसातून दोनदा भरती येते आणि तुमची पावडर, खत, मेहनत सगळं घेऊन जाते.

आणखी एक. गोड्या मातीतल्या गाळावर वाढवलेले जिवाणू खाऱ्या वाळूत कितपत टिकतात, हे त्या गृहस्थांना विचारा. माहीत असेल तर ते पटकन सांगतील. आढेवेढे घेतले तर काय समजायचं ते समजा.

सूक्ष्मदर्शी | ५ मे, संध्याकाळी ७:०५

तात्यांना +१. जुगाडूदादा, जीवामृत पुळणीवर नको. शेणातले जिवाणू पाण्यात, माणसं पोहतात तिथे. आणि बेसन-गूळ टाकला तर जिवाणू आधी तोच खातील, डांबराकडे बघणारही नाहीत. पण तात्या म्हणतात तशा वाफ्यात कुजलेलं शेणखत थोडं मिसळायला हरकत नाही, वाळू भुसभुशीत राहते.

नारळीपोफळी | ५ मे, रात्री ९:३०

खूप आभार. मग असं विचारते. जिवाणू आहेतच आणि कमतरता नत्र-स्फुरदाची असेल, तर पावडरीऐवजी किनाऱ्यावर नुसता युरिया-डीएपी टाकला तर? आमच्या कृषी केंद्रात मिळतो, पंचायतीला परवडेलही.

सूक्ष्मदर्शी | ५ मे, रात्री ११:५५

ताई, तुम्ही न वाचता थेट अलास्काला पोचलात.

२४ मार्च १९८९ रोजी एक्झॉन वाल्डेझ हा टँकर अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळला. सुमारे ३७ हजार टन तेल, शेकडो मैलांचा गोट्यांचा किनारा काळा. आधी त्यांनी गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दगड धुतले. दगड स्वच्छ झाले आणि त्यांवरचे जीव अक्षरशः शिजले. मग अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एक्झॉनबरोबर खताचा प्रयोग केला. बाहेरून एकही जिवाणू आणला नाही. इनिपोल ईएपी २२ नावाचं तेलाला चिकटणारं द्रवरूप खत आणि कस्टमब्लेन नावाचे हळूहळू विरघळणारे दाणे. साधं खत भरतीने धुऊन जातं म्हणून हा खटाटोप. दोनेक आठवड्यांत खत टाकलेला चौकोन आजूबाजूच्या काळ्या किनाऱ्यात वरून वेगळा उठून दिसू लागला. तेल सडायचा वेग दुप्पट-तिप्पट झाला, आणि मग शंभर किलोमीटरहून जास्त किनाऱ्यावर ते वापरलं गेलं. जैविक पद्धतीने किनारा साफ केल्याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण हेच.

पण लगेच युरियाची गोणी उचलू नका. अलास्काच्या थंड, निर्मळ पाण्यात नत्र मुळातच कमी होतं, तेल ताजं होतं, गोटे मोठे म्हणून हवा खेळती होती. तरीही दगडांखाली खोल गेलेलं तेल वीस-वीस वर्षांनीही सापडलं, कारण तिथे ना प्राणवायू पोचला ना खत.

याच्या उलट १९९४ चा डेलावेअरचा प्रयोग. फाउलर बीचवर संशोधकांनी मुद्दाम, मोजूनमापून हलकं तेल टाकलं. काही चौकोन तसेच सोडले, काहींत खत घातलं, काहींत खत आणि तिथलेच वाढवलेले जिवाणू. खताने थोडा फरक पडला. जिवाणू जास्तीचे घालून मात्र खताच्या वर काहीही मिळालं नाही. आणि न हात लावलेल्या चौकोनातही तेल बऱ्यापैकी वेगाने सडत होतं, कारण आसपासच्या शेतांतून वाहून आलेलं नत्र तिथल्या पाण्यात आधीच पुरेसं होतं. आपल्या खाड्यांमधून पावसात काय काय वाहून येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वर आणखी युरिया टाकून शेवाळाला मेजवानी कशाला?

खडूस काका | ६ मे, सकाळी ७:३०

एवढं वाचून मी हे समजलो की जिवाणू फुकट आहेत, पैसे बरणीचे आहेत.

अवांतर: तेल खाणाऱ्या जिवाणूचं पेटंट एका भारतीयाचं होतं ना?

सूक्ष्मदर्शी | ६ मे, सकाळी ८:४५

हो, आनंदमोहन चक्रवर्ती. जन्म बंगालमधल्या सैंथियाचा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी तेलाचे वेगवेगळे घटक पचवायची क्षमता देणारे प्लाझ्मिड (जिवाणूतले डीएनएचे सुटे तुकडे) स्युडोमोनास नावाच्या एकाच जिवाणूत एकत्र आणले आणि १९७२ मध्ये पेटंट मागितलं. सजीवाचं पेटंट देता येत नाही म्हणून ते अडलं, खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. आजच्या जैवतंत्रज्ञान उद्योगाचा पाया त्या निकालात आहे. गंमत म्हणजे तो जिवाणू प्रत्यक्ष तेलगळतीवर कधी सोडलाच गेला नाही. प्रयोगशाळेत वाढलेला पाहुणा उघड्या समुद्रात स्थानिकांपुढे टिकत नाही, हा अनुभव पुढे वारंवार आला.

चेंबूरची चिमणी | ६ मे, दुपारी १२:२०

७ ऑगस्ट २०१० ची एमएससी चित्रा आठवते का कुणाला? जेएनपीटीहून निघालेलं जहाज, मुंबईच्या तोंडाशी खलिजिया-३ या जहाजाशी टक्कर. जहाज कललं, कंटेनर समुद्रात पडले, ८०० टनांच्या आसपास तेल सांडल्याचं सांगितलं गेलं. रायगडचा किनारा आणि खारफुटी काळी झाली. भर श्रावणात आधीच मासळी कमी खपते, त्यात लोकांनी धास्तीने पुरती बंदच केली. कोळणी रिकाम्या टोपल्यांशी बसलेल्या मी पाहिल्यात. तेव्हाही टेरीच्या मंडळींनी किनाऱ्यावर ऑइलझॅपर वापरलं होतं. म्हणजे आपल्याकडे ही पद्धत किनाऱ्यावर अगदीच नवी नाही.

तात्या_निवृत्त | ६ मे, दुपारी ४:००

चिमणीताई, बरोबर. पण तिथेही क्रम बघा, आधी फावडी-घमेली, मग जिवाणू. जाड थर माणसांनी उचलायचा आणि जे वाळूला, दगडाला चिकटून राहतं त्यावर जैविक उपाय. जगभर हाच क्रम मानतात. खारफुटीत तर माणूस शिरला की मुळं तुडवून तेल चिखलात आणखी खोल दाबतो, तिथे कित्येकदा काही न करणंच बरं. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली, तेव्हा सगळी यंत्रं बाजूला राहिली आणि माणसं बादल्यांनी तेल उपसत होती. टीव्हीवर लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. जाड, चिकट इंधन तेल पंप ओढत नाही, बादली उचलते. लाज वाटायची तर ती हातमोज्यांशिवाय उपसायला लावलं याची.

ह्यूस्टनकर | ६ मे, रात्री ११:१५

टेक्सासच्या किनाऱ्यावर गोळे इतके नेहमीचे की समुद्रावरून परतताना लोक गाडीत पाय पुसायला बेबी ऑइल ठेवतात. मेक्सिकोच्या आखाताच्या तळातून नैसर्गिकरीत्या तेल झिरपतं. २०१० च्या डीपवॉटर होरायझन गळतीनंतर इथल्या किनाऱ्यांवर खूप अभ्यास झाला, त्यातल्या दोन गोष्टी ताईंच्या कामाच्या.

फ्लोरिडातल्या पेन्साकोला बीचवर संशोधकांनी पाहिलं की वाळूत विखुरलेलं बारीक तेल सुमारे वर्षभरात जिवाणूंनी संपवलं. पण वाळू-तेलाचा गोल्फच्या चेंडूएवढा गोळा पुरला गेला तर त्याच वाळूत त्याला किमान ३२ वर्षं लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. तेल तेच, वाळू तीच, फक्त आकार वेगळा. त्यामुळे किनाऱ्यावर जेसीबी किंवा ट्रॅक्टर फिरवून गोळे गाडू देऊ नका. वरून स्वच्छ दिसेल आणि तुमच्या नातवंडांना ते सापडतील.

दुसरं, अलाबामाच्या ऑबर्न विद्यापीठाच्या लोकांनी गोळ्यांवर व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू आजूबाजूच्या वाळूच्या दहापट आणि पाण्याच्या शंभरपट मोजला. जखमेतून गेला तर हा फार वाईट. हाताला कापलं असेल तर गोळे उचलू नका आणि मुलांना तर अजिबात लावू नका.

नारळीपोफळी | ७ मे, सकाळी ६:५०

हे हातमोज्यांचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, आज आणते. पाय पुसायला आम्ही खोबरेल वापरतो, रॉकेल बंद केलंय.

आता व्यवहाराचं विचारते. गोळे उचलले, पुढे काय? आत्तापर्यंत गोण्या भरून गावाबाहेर पडून आहेत. उन्हात वितळून खालून गळतात. कोणी म्हणतं जाळा.

तात्या_निवृत्त | ७ मे, सकाळी १०:३०

जाळू नका. उघड्यावर डांबर जाळलं की जो धूर होतो तो गावाच्याच छातीत जातो. हा कायद्याने घातक कचरा आहे, त्याची जागा तळोजा किंवा रांजणगावसारखं अधिकृत केंद्र. आणि किनारा साफ करायची जबाबदारी पंचायतीच्या एकटीच्या गळ्यात नसते. समुद्रातल्या तेलासाठी तटरक्षक दल आणि १९९६ पासून चालत आलेली राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजना आहे, किनाऱ्यावर आलेल्या तेलाचं राज्य सरकारने बघायचं असतं. तेव्हा ठराव पावडर खरेदीचा करू नका. तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्राचा करा, फोटो आणि तारखांसकट, गोण्यांचं वजन घालून. वजन लिहिलेलं पत्र टेबलावरून लवकर हलतं, हा माझा नोकरीतला अनुभव.

फोंडेकर | ७ मे, सकाळी ११:१०

वजनात वाळू किती नि डांबर किती तेही बघा. आमच्याकडे उत्साहाच्या भरात फावड्याने अर्धी पुळण उचलतात. बारीक दाताळं घ्या, फावडं नको. ओहोटीला, सकाळी ऊन चढायच्या आत, गोळा कडक असताना. दुपारी तो लोण्यासारखा पसरतो. भरतीरेषेच्या वरची मर्यादवेल तुडवू नका, वाळू तीच धरून ठेवते.

सूक्ष्मदर्शी | ७ मे, रात्री ९:००

ताई, एवढं झाल्यावर जिवाणूंचा खरा उपयोग कुठे, ते सांगते. गोळे वेचल्यावर चाळणीवर जी तेलकट वाळू उरते, तिथे. गोळे केंद्राकडे जाऊ द्या. तेलकट वाळूचा वाफा करता येईल. मंडळाला विचारून, भरतीरेषेपासून आणि विहिरींपासून लांब, खाली जाड प्लॅस्टिक, वर पावसासाठी ताडपत्री.

खताचा ढोबळ हिशेब असा. कार्बन शंभर भाग, नत्र दहा, स्फुरद एक. एक टन वाळूत पाच टक्के तेल धरलं तर ५० किलो तेल. त्याला साधारण ८ ते ९ किलो युरिया आणि २ किलो डीएपी. एकदम टाकायचं नाही, अमोनियाने जिवाणूच मरतील. हप्त्याहप्त्याने. आठवड्याला उलथापालथ, वाळू ओलसर पण चिखल नाही. जुन्या वजनदार तेलातला मोठा भाग तरीही राहीलच, शून्याची अपेक्षा ठेवू नका.

आणि त्या गृहस्थांची परीक्षा घ्यायचीच असेल तर वाफ्यातच घ्या. एकाच ढिगाची नीट कालवलेली वाळू चार पिंपांत भरा. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात फक्त खत. तिसऱ्यात खत आणि त्यांची पावडर. चौथ्यात खत आणि त्यांचीच पावडर, पण उकळून वाळवलेली, म्हणजे जिवाणू मेलेले. चारही पिंपं सारखीच उलथायची. सुरुवातीला, महिन्याने आणि तीन महिन्यांनी नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, टीपीएच म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन मोजायला. तिसरं पिंप दुसऱ्यापेक्षा आणि चौथ्यापेक्षा स्पष्ट पुढे असेल तर पावडर कामाची, मी स्वतः तुमच्या ग्रामसभेला पत्र लिहीन. फक्त एकच पिंप ठेवून "बघा, कमी झालं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कमी तर काही न करताही होतं.

जुगाडू शेतकरी | ७ मे, रात्री ९:२०

पाचव्या पिंपात जीवामृत ठेवा. बघू तरी.

सूक्ष्मदर्शी | ७ मे, रात्री ९:२५

ठेवा. मनापासून सांगते, मलाही बघायचंय.

चेंबूरची चिमणी | ८ मे, सकाळी ९:१५

मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा-३ बुडालं, तेव्हा केरळच्या किनाऱ्यावर तेलापेक्षा प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांचाच त्रास जास्त झाला. त्यावर कुठली पावडर आहे का, तेही विचारून ठेवा.

नारळीपोफळी | १३ मे, रात्री १०:१०

ग्रामसभा झाली. मोठ्या खरेदीचा ठराव पुढे ढकलला. पत्राचा ठराव झाला, गोण्यांचं वजन काट्यावर करून घातलंय. बरणीचा प्रयोग मी सगळ्यांसमोर करून दाखवला, सुताराकडचा भुसा घेऊन. पाणी साफ झालं. सरपंच जरा हिरमुसले, पण सगळ्यात आधी हसले तेच.

त्या गृहस्थांना खाऱ्या वाळूचं आणि चार पिंपांचं विचारलं. मला वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, समुद्रावर आम्ही मोजून पाहिलेलं नाही, पिंपांसाठी पावडर फुकट देतो, निकाल मलाही कळवा. दिलीही आहे. उकळायचं म्हटल्यावर मात्र चेहरा पडला.

पाच पिंपं मागच्या पडवीत लावली आहेत. आता प्रश्न प्रयोगशाळेचा. रत्नागिरीत टीपीएच करून देणारं कोणी आहे का, की नमुने मुंबईला पाठवावे लागतील? आणि कुरियरने पाठवायचे तर काचेच्या बाटलीत की प्लॅस्टिकच्या?

तात्या_निवृत्त | १३ मे, रात्री १०:४०

काचेच्याच. तेल प्लॅस्टिकला चिकटतं आणि आकडा चुकतो. झाकणाच्या आत ॲल्युमिनियमची फॉइल लावा, बर्फात ठेवून पाठवा. बाटलीवर पिंपाचं नाव लिहू नका, नुसता क्रमांक लिहा. कुठल्या क्रमांकात काय आहे ते तुमच्या वहीत, प्रयोगशाळेला सांगायचं नाही.

सूक्ष्मदर्शी | १३ मे, रात्री १०:५२

आणि प्रत्येक पिंपातून एक नाही, तीन-तीन बाटल्या. वरून, मधून, खालून. खर्च वाढेल, माहीत आहे. त्यातल्या एका फेरीचा मी देते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.